जसंच्या तसं

आंकुदच्या बंदरावर, मासळीच्या बर्फाचा कारखाना असतो तिथे,
वरच्या मजल्यावर एदुविनाबाईंचा स्टुडिओ:
एक खोली, एक लोखंडी चूल,
आणि आवाज पिण्यासाठी भिंतींवर टांगलेली
मेंढीच्या लोकरीची घोंगडी.

जुनी डिस्क महिनाभर कण्हत होती.
काल रात्री मी ती नव्या डिस्कवर उतरवली,
चार तास सतरा मिनिटं, कण न् कण,
पडद्यावरचा मेलेल्या कुत्र्याचा फोटोसुद्धा.
सकाळी मशीन उठलं. कुत्रा होता तिथेच होता.
मी हात झटकले.

बाईंनी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला
आणि त्यानं विचारलं, आपण कोण?

बारा वर्षं याच घरात खाल्ल्यापिल्लेला!
पण घर फिरलं की वासेही फिरतात.
परवाना जुन्या डिस्कच्या नंबरावर होता.
परवान्याची नक्कल झाली,
नंबराची होत नाही, तो लोखंडात जन्मतो.
दर चाळीस सेकंदांनी प्रोग्रॅम फुस्स करायचा,
पैसे न दिलेल्यांसाठी ठेवलेला फुत्कार.

म्हटलं, जुनीलाही शेजारी जोडू, ओळख पटेल.
सिस्टीमनं दोघींच्या सह्या पाहिल्या. एकच सही.
एकीला मुकाट्यानं दाराबाहेर बसवलं.
बाई बटाटे सोलत म्हणाल्या,
"आमच्या आईनंही तेच केलं.
जुळ्या आम्ही. एक पुरे, म्हणाली,
फिदेलिनाला पुंता अरेनासला मावशीकडे धाडलं."

दुपारपर्यंत परवाना मिळाला.
वाद्यांच्या फायली ज्या कप्प्यात होत्या
त्या कप्प्याचं अक्षरच बदललेलं;
एकेकीला हाताला धरून नवं दार दाखवलं.
मग सहज एक जुनी फाईल वाजवली,
निबाल्दोचा अकॉर्डियन, वर बाईंचं बोलणं,
होड्यांना हवामान सांगतानाचं.

आवाज निघाला तो उंच, घाईचा,
वाऱ्यात टोपी धरून पळणाऱ्या मुलीचा.

मला चूक लगेच कळली.
रेकॉर्डिंग चव्वेचाळीस हजार शंभरचं,
आणि नव्या घरात कार्ड आपल्या मनानं
अठ्ठेचाळीस हजारांवर जाऊन बसलेलं.
दोन क्लिकचं काम.
बोट माउसवर होतं तेवढ्यात बाई म्हणाल्या,
"थांब."

सुरी बटाट्यात तशीच रुतलेली.
"ही मी नाही. मी कधीच अशी बोलत नव्हते.
ही फिदेलिना."

तिचा आवाज कुणीच धरून ठेवला नव्हता.
एकोणिसाव्या वर्षी बोटीच्या कठड्यावरून
काहीतरी ओरडली होती, म्हणे, भोंग्यात बुडालं.
आता ती वायव्येचा वारा सांगत होती,
लाटा तीन मीटर,
लहान होड्यांनी आज निघू नये.

आम्ही पूर्ण ऐकलं. मग दुसऱ्यांदा.
बटाटे काळे पडायला लागले.

ती चूक मी वेगळ्या फायलीत साठवली.
नाव काय देऊ, विचारलं नाही, त्यांनीच टाइप केलं,
एका बोटानं, मोठ्या अक्षरांत.
मग आकडा जागेवर आणला.
अकॉर्डियन दीड सूर खाली उतरून
आपल्या खुर्चीत बसला,
बाई पुन्हा एक्याऐंशीच्या झाल्या,
आणि म्हणाल्या, "हं. ही म्हातारी ओळखीची आहे."

एक चरचर मात्र राहिली.
बफर वाढवला, केबल बदलली, ड्रायव्हर काढून घातला,
वायफाय बंद करून बसलो. जाईना.
संध्याकाळी बिल लिहिताना कबूल केलं,
एवढी एक मला जमली नाही.

बाईंनी चुलीत लाकूड सारलं.
"ती कशी जाईल," म्हणाल्या,
"ती तेव्हाही पेटलेली होती."