स्मरणिकेसाठी दोन पानं

सीओ साहेब म्हणाले, पालिकेला शंभर वर्षं होतायत,
गावाचा इतिहास द्या. दोन पानं, सोमवारपर्यंत.
रेकॉर्ड रूमची किल्ली सापडेना,
शेवटी कुलूपच तोडलं.

आत फसली तेराशे सदतीसचं रजिस्टर,
वाळवीनं कडेकडेनं वाचून काढलेलं.
सगळं उर्दूत. आख्ख्या ऑफिसात
एकालाही अलिफ येईना.

मोमीनपुऱ्यात गेलो, खैरुन्निसा आपांकडं.
चष्म्याच्या दांडीला दोरा,
बोट उजवीकडून डावीकडं सरकतंय :
"कंदील अकरा.
बत्तीवाला नागोराव, पगार हाली साडेचार.
विंचू मारल्याबद्दल इनाम, दर विंचवाला एक पै.
मंगळवारच्या बाजारात बैल उधळला,
तांबोळ्याची पानं तुडवली,
भरपाई नामंजूर."

मग बोट थांबलं.
"शेख मदार वल्द चाँद.
सरकारी खांबाला शेळी बांधली. दंड दोन आणे."
हसल्या.
"आमचे अब्बा. भरला नाही बगा, बाकी दिसतीय."

स्मरणिका निघाली गुळगुळीत कागदावर.
नगराध्यक्षांचे फोटो, आडत दुकानांच्या जाहिराती,
आणि तेविसाव्या पानावर, खत-बियाण्यांच्या खाली :
'आपले शहर प्राचीन असून येथील बाजार प्रसिद्ध आहे.'

काल आपा खिडकीशी आल्या.
पाच रुपयांचं नाणं ठेवलं. "शेळीचे. पावती द्या."
घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती...
पेन उघडून बसलोय तसाच,
कोणत्या रकान्यात धरावं हे
विचारायचं तरी कुणाला.