मीठ, दोरा, बर्फ

आज उणे बावन्न.
सकाळी सहालाच रेडिओनं सांगून टाकलं, शाळा बंद.
याकुत्स्कवर धुकं इतकं दाट
की समोरची इमारत म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट.

"आता काय करू?" सात वाजायच्या आत तीनदा.
मग मी ओटा मोकळा केला.
जांभळ्या कोबीचं पाणी उकळून गाळलं:
लिंबू पिळलं, गुलाबी;
सोडा टाकला, निळं, मग हिरवट.
केस्किलनं हळूच त्यात कालचं सूप ओतलं.
काही झालं नाही.
"सूपाला काही म्हणायचंच नाहीये," तो म्हणाला.

मग पेल्यात पाणी, पाण्यात बर्फाचा खडा,
खड्यावर आडवा दोरा, वर चिमूटभर मीठ.
साठ मोजायचे.
वीसपर्यंत साखा भाषेत, पुढे रशियनमध्ये,
कारण केस्किलला तेवढेच येतात.
सायीनानं दोरा उचलला,
आणि खडा आला की वर, थेंब गाळत, झुलत!
"मीठ बर्फ वितळवतं," मी शिकवायच्या भरात,
"आणि मग तो दोऱ्याला धरून पुन्हा गोठतो."

सायीनाचा चेहरा उतरला.
"बाबांच्या ट्रकमध्ये काय आहे?"
पीठ. टायर. कांदे.
"आणि?"
मासे खारवायला नेतात ते. चाळीस पोती.
मी बोलले नाही,
पण खेळात मिठाचा खडा पडायचा तो पडलाच.
लेना नदी गोठली की तिचाच रस्ता होतो.
तिच्या पाठीवरून तो
काल दुपारी निघालाय.

तिनं बशीत बर्फ घेतला, मुठीत मीठ,
लोकरी बूट, टोपी, दोन शाली,
आणि बाल्कनीचं दार ढकललं.
आत आली ती पापण्या पांढऱ्या करून.
दहाला पुन्हा गेली. बाराला पुन्हा.
मीठ तसंच, वाळूसारखं सुटं.
फुंकर मारली तर उडालं म्हणाली.
वहीत लिहिलं:
"ओट्यावर मीठ जिंकलं.
बाहेर थंडी जिंकली. फारच जास्त."
आणि सूप मागितलं, मोठा वाडगा.

हे मलाही ठाऊक होतं. शाळेत शिकलेय मी,
इतक्या थंडीत मिठाचं काही चालत नाही.
तरी रात्री दोघं झोपल्यावर
मीच बूट चढवले,
श्वास रोखून दार उघडलं,
बशीवरून उघडं बोट फिरवलं.

कोरडं.