गिरमिट

योएन्सूला जानेवारीत दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात.
तापानी नूतिनेन शर्ट काढून बसलाय.
छातीवरचे केस मी तीन ठिकाणी भादरते,
तारा चिकटवते. गार लागतंय?
"तळ्यावर याहून गार असतं."

वय सत्तेचाळीस. फॉर्मवर एक रकाना:
घरात कुणाला हृदयविकार?
त्याने लिहिलंय, वडील, सत्तेचाळीस.
आजोबा, बावन्न. काका,
आणि पुढे नुसती रेघ. जागा पुरली नसावी.

वडील दुधाच्या कॅनशेजारी सापडले,
रस्त्याकडेच्या फळीवर बसलेले, हातमोजे घातलेले.
दूधगाडीवाल्याने आधी कॅन चढवले,
त्याला वाटलं, डुलकी लागलीय.

"मला दुखत काहीच नाही," तो सांगतो,
कुणी आळ घेतल्यासारखं.
"पण दर नोव्हेंबरात मी गिरमिटाने बर्फाला भोक पाडतो.
वीतभर असला तर माणूस, हातभर असला तर ट्रॅक्टर.
वरून सगळा सारखाच पांढरा."

कड्याच्या आत सरकतो. यंत्रातली बाई
हेलसिंकीकडच्या उच्चारात म्हणते, श्वास घ्या. धरा.
तो धरतो, सांगितल्यापेक्षा जास्तच.
काचेआडून मीच म्हणते, सोडा आता, सोडा.

पडद्यावर करडं हृदय,
आणि डाव्या फांदीवर चुना.
ठिपका नाही, चांगली लांब ओळ,
भिंत रंगवताना कुणी बोट पुसावं तशी.
इतकी वर्षं, एक ठोका न चुकवता.

चेहरा कोरा ठेवायला आम्हाला शिकवतात.
आकडा डॉक्टर सांगतील. मग गोळ्या, लोणी, तंबाखू.
मी तारा काढते, जरा जास्तच हळू.
"पातळ आहे ना?"
मी म्हणते, शर्ट घाला, गारठाल.
तो मान हलवतो. तळ्याकाठचा माणूस,
न बोललेलं त्याला बरोबर ऐकू येतं.

बटणं लावता लावता म्हणतो,
"एन्सिओ बाहेर गाडीत बसलाय. थोरला.
चिठ्ठी त्याच्याही नावाची आहे.
म्हणतो, सत्तेचाळीस ओलांडली, आता कशाला उकरायचं?"

सव्वातीनचा पेशंट आलेला नाही.
मी कोट न घालताच पार्किंगमध्ये जाते.
इंजिन चालू, काचांवर वाफ,
आत एक माणूस स्टिअरिंग धरून,
हातमोजे घातलेले.

काचेवर टकटक करते.
थांबते.
परत करते, जोरात.