तळटीप

उर्वे तळटीप धरून खाली उतरते:
अहवालातून अहवालात,
मंत्र्याच्या भाषणातून पोस्टरवर,
पोस्टरवरून पुन्हा अहवालात.
'चारांतली एक.'
जो तो मागच्याकडे बोट दाखवतो.

शेवटी तार्तूच्या तळघरात एक खोकं.
एका दवाखान्याची बाकं, फेब्रुवारीतली दुपार,
चव्वेचाळीस कागद. अकरा 'हो'.
एवढ्यावर देशभराचा आकडा उभा.

ती लाल पेनाचं टोपण काढते.

तेवढ्यात सव्विसावा कागद:
नाव नाही, उत्तर नाही,
पेन्सिलीचं टोक मोडल्याचं भोक,
आणि कोपऱ्यात परिचारिकेचं अक्षर:
'नवरा बोलवायला आला. "नाही" धरावे.'

उर्वे आकडा खोडते.
त्या जागी काय लिहायचं
हे ठरेपर्यंत
तळघरातला आपोआप विझणारा दिवा
दोनदा विझतो,
दोनदा ती हात हलवून
त्याला जागं करते.