कोपरा नसलेली गासडी

यंत्र आलं तेव्हा त्याच्या अंगावर
अजून लुधियानाची धूळ होती,
आणि पुस्तक हिंदीत, म्हणून ते माझ्याकडे आलं.
जयेंद्रला ट्रॅक्टर कळतो. मला वखारीची वही.
एवढ्या भांडवलावर धसईच्या माळावर आम्ही उभे.

पान चार: एकवीस जागी ग्रीस भरा.
आम्हाला एकोणीस सापडल्या.
उरलेल्या दोन शोधायला हर्षल पाठीवर सरकत
खाली गेला, आणि तिथूनच ओरडला,
"वहिनी, इथं विंचू आहे!"
विसावी जागा विंचवामागे निघाली.
एकविसावी कंपनीलाच ठाऊक.

पान सात: शाफ्ट मापून घ्या.
मापला. चार बोटं लांब.
तसाच जोडला असता तर पहिल्या वळणाला
गिअरबॉक्सच्या उरात घुसला असता.
खडूनं खूण करून सरळगावला नेला.
शकीलनं कापला, कानस मारली, फुंकर घातली:
"नव्या वस्तूवर करवत धरवत नाही, भाभी.
पण लांब सोडली तर तीच तुम्हाला कापेल."

सुतळी सासूबाईंनी ओवली,
चष्मा कपाळावर, दोरीचं टोक थुंकीनं ओलं करून,
एका भोकातून दुसऱ्यात, मग स्प्रिंगखालून, मग त्या लांब नळीत.
"सुई केवढी ही," म्हणाल्या,
"शिवायचंय काय, डोंगर?"

दाते फिरले. कापून पसरलेली ओळ
जमिनीवरून उठून आत जाऊ लागली,
भोंगा वाजला, पोट भरलं,
मागचं दार उघडलं
आणि सुटं गवत भसकन पडलं. दोरीचा पत्ता नाही.
असं तीनदा.
जयेंद्र पुस्तकाला शिव्या घालत होता.
पुस्तक माझ्या हातात होतं.

गोटीराम निरगुडा बांधावर बसून बघत होता.
चाळीस वर्षं आमच्या लाकडी प्रेसमध्ये उभं राहून
त्यानं गवत टाचेनं दाबलं, तारेनं आवळलं,
कल्याणच्या तबेल्यांना पाठवलं.
उठला. मूठभर गवत पिळलं, कानाशी धरलं.
"बोलत नाय अजून," म्हणाला. "दोनच्या उन्हात बोलंल."

मग भाकरी, बोंबलाची चटणी, आणि पान एकोणीस:
दोरीचा ताण कमी असल्यास स्प्रिंग आवळा.
आवळली. दोनही वाजले.
नेमकं कशानं जमलं
हा आमच्या घरात अजून भांडणाचा विषय आहे.

पण ती आली.
गोल, घट्ट, सुतळीचे वेढे एकसारखे.
जमिनीला टेकली, क्षणभर थांबली
आणि उतारानं निघाली.
हर्षल मागे, कुत्रं हर्षलच्या मागे,
बांध ओलांडून, करवंदीची जाळी चिरडून
ती राघो हिलमच्या न्हाणीच्या कुडाला जाऊन थडकली.
आम्ही पोचेपर्यंत त्याच्या शेळीनं
माल तपासायला घेतला होता.

गोटीराम सावकाश आला.
तळहात टेकवत तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.
"कोपरा नाय हिला. थप्पी कशी लागंल?"
त्याच्या थप्पीत दोन गासड्यांमध्ये
तिकीटसुद्धा सरकत नसे.
जयेंद्रनं दोन्ही बाजूंना दगड लावले, ट्रकच्या चाकाला लावतात तसे.

मग गोटीरामनं पाय उचलला आणि टाच मारली,
सवयीची, पूर्ण वजनाची.
ती दबली नाही.
पुन्हा मारली.
पाय तसाच वर ठेवून उभा राहिला थोडा वेळ.
भेगांत पिवळी काडी अडकलेली. ती काढली, दातात धरली.

"उद्या ये," मी म्हटलं.
"काय करू येऊन?"
"बोलतंय का बघायला. मला ऐकू येत नाही ते."

रात्री वही काढली.
गासड्या एकतीस, पैकी एक शेळीनं फोडलेली.
सुतळी दीड गुंडी. डिझेल. शकीलचे दीडशे.
गोटीरामच्या नावापुढे वर्षानुवर्षं 'प्रेस' लिहिलेलं,
आधी सासऱ्यांच्या अक्षरात, मग माझ्या.
आज पेन थांबलं.
मजुरी तीच धरली.
कामाच्या रकान्यात लिहिलं: कान.