अडीनडीचा साठा

मेकॅनिक्सबर्गहून समुद्र दिसत नाही.
मक्याची शेतं दिसतात, आणि एकाला एक लागून गोदामं.
तिसऱ्या मजल्यावर व्हर्ना हॉस्टेटर
आरमाराच्या गरजा वाचते, पंचकार्डांच्या भोकांतून.

आज हातात एक रबरी पडदा आहे,
म्हणजे त्याचा क्रमांक. पडदा तिनं कधी पाहिलेला नाही.
खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रात बसतो,
किंमत चार डॉलर दहा सेंट.
मागणी, तिमाहीगणिक:
शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य. सहा. शून्य. शून्य.

सरासरी पाऊण.
पाऊण पडदा कुठल्या जहाजाला पुरतो?

कारखान्याला लागतात सात महिने.
सूत्र साधं आहे: तेवढ्या काळात खपेल तेवढं,
वर थोडं अडीनडीला.
सगळा वाद त्या ‘थोडं’चा.
शंभरातल्या पंचाण्णव वेळा पुरावं, असा वरून आदेश.
उरलेल्या पाचांबद्दल आदेशात काही नाही.

नियमावली म्हणते, असा एकांडा आकडा वगळा.
तिनं पेन्सिल सहावर टेकवली, उचलली,
आणि जहाजाला पत्र घातलं: सहा कशाला?

उत्तर यायला कारखान्याइतकाच वेळ लागला.
भांडारी प्रुइट, अक्षर गिचमिड:
“बाईसाहेब, फाटला एकच.
पण तीन वर्षांपूर्वी एकच मागवला होता,
तो आला तेव्हा आम्ही बंदरात होतो.
त्याआधी एकोणीस दिवस पाणी मापून.
आचाऱ्यानं बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडले.
म्हणून सहा. पाच माझ्या गादीखाली आहेत.
कृपया कुणाला सांगू नका.”

म्हणजे खपला एक.
बाकीची भीती; आणि भीतीचं कार्ड
यंत्र मागणीच्याच ढिगात टाकतं.
सहा ठेवले, तर कपाट भरेल
प्रुइटच्या एकोणीस दिवसांनी.
सहाचा एक केला, तर पातळी येईल एकावर,
आणि दुसऱ्या कुठल्या जहाजावर
दुसरा कुणी आपली गादी उचलेल.

घरी तळघरात पीचच्या बेचाळीस बरण्या.
ऑर्विल गेल्यापासून हिवाळ्याला अकरा लागतात.

सकाळी तिनं लिहिलं: दोन.
“दोन कुठून आले?” क्लिंजरमननं चष्म्यावरून विचारलं.
“पॉयसाँ,” ती म्हणाली. त्यानं सही केली.
दोनातला एक खरंच पॉयसाँचा होता.

शनिवारी ती बागेत गेली,
दोन टोपल्या उचलल्या,
एक परत ठेवली,
पैसे देताना पुन्हा घेतली.