शुक्रवार चार ते रविवार चार

हॅलिफॅक्सच्या चढावर, शाळेपलीकडे,
एक बैठं घर. दार पिवळं,
आणि उंबरठाच नाही.
शाल्मलीची खुर्ची सरळ आत गेली.
मी मात्र अडखळले.

पिशव्या तीन. एकीत औषधं,
प्रत्येक बाटलीवर तिचं नाव, माझ्या अक्षरात.
दुसरीत लंगोट, लाळेरी, दोन चादरी,
चहा दाट करायच्या पुडीचा डबा.
तिसरीत काय होतं ते सांगायला लाज वाटते:
माझा जुना गाऊन, न धुतलेला.
वासासाठी.

अर्ज अकरा पानी.
झटका आला तर किती मिनिटं थांबायचं,
कुठल्या कुशीवर वळवायचं, कितीदा,
सगळं भराभर लिहिलं, पाढे लिहावेत तसं.
नवव्या पानावर प्रश्न: तिला हसू कशाने येतं?
पेन थांबलं.
एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
डॉक्टरांनी नाही, कौन्सिलच्या बाईंनी नाही,
बऱ्याच दिवसांत मीही नाही.
लिहिलं: कुणी शिंकलं की.

ग्लेनिस नावाची बाई, साठीची,
कुरकुरत्या गुडघ्यांवर खाली बसली
शाल्मलीच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत,
आणि खोटंच शिंकली.
शाल्मली हसली. अख्खी, पायाच्या अंगठ्यापर्यंत.
मला हायसं वाटायला हवं होतं.

घरी आल्यावर प्रद्युम्नने चहा टाकला
आणि पुडीचा डबा शोधत राहिला,
ही फळी, ती फळी.
मी काही बोलले नाही.

महिनाभर आधीपासून यादी केली होती:
सिनेमा. कालव्याकाठी चालणं. एक भांडण.
हो, जुनं भांडण राहून गेलं होतं,
निवांत भांडायला उसंतच मिळाली नव्हती.
शनिवारी कालव्यापर्यंत गेलो,
बाकावर टेकलो, बदकं पाहिली,
आणि बसल्याबसल्या झोपलो दोघेही
भर दुपारी, तोंडं उघडी टाकून,
कुत्रं फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने
बरे आहात ना, म्हणून हलवेपर्यंत.
भांडण राहिलंच.

रात्री अडीचला डोळा उघडला.
कूस बदलायची वेळ.
प्रद्युम्न आधीच तिच्या खोलीत,
रिकाम्या पलंगाची कड धरून उभा.
छतावरून लोंबणारा उचलपट्टा
त्याच्या खांद्याला लागून हलत होता.
मी फोन घेतला, ठेवला, परत घेतला.
पलीकडे कुणी तरुण मुलगा:
झोपलीय. आत्ताच वळवली. तुम्हीही झोपा.

झोप आता, असं मला शेवटचं कोण म्हणालं होतं?
आठवेना. आठवताआठवता उजाडलं.

रविवारी साडेतीनलाच पोचलो, गाडीत बसून राहिलो.
चारला दार उघडलं तर
शाल्मलीची नखं जांभळी,
वेणीच्या जागी दोन उंच शेपट्या,
आणि शेजारच्या खुर्चीतल्या कॅलमकडे बघत
ती कसल्याशा गमतीवर हसत होती.
आम्हाला ती कळली नाही,
कुणी समजावूनही सांगितली नाही.
गाऊन पिशवीत होता तसाच, घडी न मोडलेला.
निघताना तिने मान फिरवून घेतली, ओठ काढला.

माहेराहून निघताना मी अशीच करायचे,
रिक्षा दारात उभी आणि मी उगाच चप्पल शोधतेय.
हिचं लग्न व्हायचं नाही, हे केव्हाच धरून चाललो होतो.
सासर नसताना माहेर मिळतं
हे कुठे ठाऊक होतं?
लाड, नखं, उशिरापर्यंत जागणं,
वर्षाला अठ्ठावीस रात्री, कौन्सिलच्या हिशेबाने.

मग आपण कोण? गाडी उतारावर घेत प्रद्युम्नने विचारलं.
सासर, मी म्हटलं,
आणि हसताहसता मला शिंक आली. खरीच.
मागच्या सीटवर काही आवाज नाही.

रुसली होती.
घर येईपर्यंत रुसूनच होती,
जांभळी नखं काचेला टेकवून.